तिचे सात कपडे

बायकोचे सात कपडे मी तिच्या नकळत सैल केले. एक कोट, तीन ड्रेस, दोन पँट्स आणि एक जाकीट. नऊ आठवडे हा उद्योग चालला होता आणि तो फार छान जमलाय असं मला वाटत होतं, कारण आमच्या धंद्यात काम छान जमलं म्हणजे ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आता हे सांगताना मान वर होत नाही. तरी सांगतो, कारण डॉक्टरीणबाईंना मी अर्धंच सांगितलं होतं.

आमचं दुकान अल्टरेशनचं. नवे कपडे आम्ही शिवत नाही. तयार आणलेले, वजन वाढल्यावर न होणारे, थोरल्याचे धाकट्याला द्यायचे, असे कपडे आमच्याकडे येतात आणि अंगाला बसतील असे होऊन जातात. मापं, उसवणं आणि मशीन माझ्याकडे. काजं, बटणं आणि हातशिलाई तिच्याकडे. एकतीस वर्षं हे असंच चाललंय. पुढे दुकान, मागे आम्ही, मध्ये एक पडदा. तिची खुर्ची समोरच्या काचेशी असायची, कारण हातशिलाईला दिवसाचा उजेड लागतो. येणारे-जाणारे काचेवर टकटक करून तिला हात दाखवायचे आणि ती सुई धरलेल्या हातानेच उत्तर द्यायची. मला कुणी हात दाखवत नसे. माझं डोकं लवकर तापतं हे गिऱ्हाइकांना माहीत आहे. बाहीच्या लांबीवरून मला शिकवायला लागलेल्या माणसाच्या हातात मी सरळ टेप देतो आणि म्हणतो, घ्या, तुम्हीच मोजा.

गेल्या हिवाळ्यात तिचं डोकं दुखायला लागलं. कानशिलापाशी, एकाच बाजूला. केस विंचरताना कंगवा टेकला तरी ती कळवळायची. जेवताना जबडा भरून यायचा, दोन घास चावले की थांबावं लागायचं. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. वर हेही म्हटलं की जबडा बोलून बोलून दुखत असेल. तीही हसली. असे तीन आठवडे आम्ही थट्टेत घालवले. मग एका सकाळी तिला डाव्या डोळ्याने मिनिटभर काहीच नीट दिसेना, तेव्हा कुठे माझं धाबं दणाणलं आणि आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलीएवढ्या असतील. त्यांनी तिच्या कानशिलावर दोन बोटं ठेवली आणि मग खुर्ची ओढून आमच्यासमोर बसल्या.

"इथली रक्तवाहिनी सुजलीये," त्या म्हणाल्या. "अशीच सूज डोळ्याकडे जाणाऱ्या वाहिनीतही येते. ती बंद पडली तर डोळा जातो, आणि गेलेला डोळा आम्हाला परत आणता येत नाही. म्हणून आजपासून स्टिरॉइडच्या गोळ्या."

"स्टिरॉइड?" मी म्हटलं. "ते व्यायामशाळेतली पोरं घेतात ते?"

"ते वेगळं, काका. यांचे दंड नाही फुगणार." त्या हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "पण भूक वाढेल, झोप कमी होईल, चिडचिड होईल, चेहरा गोल होईल, वजन वाढेल. साखर वाढू शकते, हाडं ठिसूळ होऊ शकतात, त्याच्या वेगळ्या गोळ्या देते. सगळ्या गोळ्या सकाळी, पोटात काहीतरी गेल्यावर. ताप आला, जखम चिघळली तर थांबायचं नाही, फोन करायचा. आणि काहीही झालं तरी या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, कमीही करायच्या नाहीत. अंगात असंच एक द्रव्य आपोआप तयार होतं, ते करायचं काम शरीर आता थांबवतं. एकदम बंद केलंत तर शरीराकडे स्वतःचं काही नसतं. कमी करायच्या त्या मी सांगेन तशाच, हळूहळू."

त्यांनी एक निळं कार्डही दिलं. पेशंट स्टिरॉइडवर आहे, असं त्यावर लिहिलेलं, कायम पर्समध्ये ठेवायचं. रोज सकाळी आठ गोळ्या. दुसऱ्याच दिवशी तिची डोकेदुखी गेली. तिने खळखळून हसत केस विंचरून दाखवले, आणि मी दुकानात जाऊन उगाचच एका पँटेला दोनदा इस्त्री केली.

महिनाभरात तिचा चेहरा बदलला. गाल भरले, मग हनुवटी गेली, मग डोळे लहान दिसायला लागले. मानेमागे मांस चढलं. महिन्याच्या भेटीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे अपेक्षित आहे, डोस उतरेल तसा चेहराही उतरेल. आठाच्या सात गोळ्या झाल्या, पुढच्या महिन्यात सहा करायला सांगितल्या. त्यानंतरची भेट अडीच महिन्यांनी होती, मध्ये एक सिस्टर दर पंधरा दिवसांनी फोन करणार होती.

घरी येताना ती बसच्या काचेत बघत होती. रस्ता बघतेय असं मला वाटलं.

"एक सांगून ठेवते," ती म्हणाली. "चेहऱ्याचं काय, तो मला दिसत नाही, बघणाऱ्यांना दिसतो. पण ज्या दिवशी माझा तपकिरी कोट मला होणार नाही ना, त्या दिवशी या गोळ्या केराच्या टोपलीत."

तिच्या बोलण्यात थट्टा किती आणि खरं किती हे एकतीस वर्षांत मला कळायला हवं होतं. मी ते शंभर टक्के खरं धरलं. तपकिरी कोट तिने लग्नानंतर पहिल्या वर्षी स्वतः शिवलेला होता आणि दर हिवाळ्यात त्याची बटणं लागली की ती माझ्याकडे बघून भुवया उडवायची. त्या आठवड्यात मी तो खुंटीवरून काढून बघितला. बगलेतली शिलाई ताणली होती. अजून एक आठवडा, फार तर दोन.

मग मी ते केलं. दुपारी जेवणानंतर तिला तासभर झोप लागायची, रात्री लागत नसे म्हणून. त्या तासात मी कोटाच्या दोन्ही बाजू उसवल्या. आत दाबलेलं कापड भरपूर होतं. अर्धा इंच सोडून पुन्हा शिवलं. जुन्या टाक्यांची भोकं राहतात, ती ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवली आणि नखाने घासून मिटवली. नव्या दोऱ्याचा रंग उठून दिसला असता, म्हणून डब्याच्या तळाचं एक विटलेलं रीळ शोधलं. संध्याकाळी ती कोट घालून पाव आणायला निघाली, बटणं लागली, आणि तिने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी त्या दिवशी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

मग एकेक ड्रेस, पँट्स, जाकीट. काहींना दोनदा हात लावावा लागला. शेवटच्या निळ्या ड्रेसात सोडायला कापडच उरलं नव्हतं, तेव्हा मी बगलेत त्याच रंगाची पट्टी घातली. हे सगळं मी तिच्या डोळ्यासाठी करत होतो. कपडे होतायत तोवर ती गोळ्या घेईल, गोळ्या घेईल तोवर डोळा राहील, इतका सरळ हिशेब होता. त्यात चूक काय, असं मला कुणी विचारलं असतं तर मी त्याच्याही हातात टेप दिली असती.

सिस्टरचा फोन गुरुवारी यायचा. बायको मोबाइल टेबलावर ठेवून स्पीकर लावायची आणि हातातलं काम चालू ठेवायची.

"गोळ्या नीट चालल्यात? डोकं, जबडा, डोळे?"

"सगळं ठीक."

"खूप तहान लागते? रात्री सारखं बाथरूमला उठावं लागतं?"

"उठते. पण झोपच नाही लागत, म्हणून उठते."

"बरं. वजन किती भरलं?"

"काटा नाही घरी."

"मग कपड्यांवरून सांगा. कंबरेला, दंडात घट्ट होतायत?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी दोरा कापत होतो, तो दोनदा कापला.

"नाही," ती म्हणाली. "पूर्वीसारखेच होतायत."

"अरे वा. म्हणजे वजन फारसं वाढलेलं दिसत नाही. मी तसं लिहिते."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. तीन शब्दांचं काम होतं: मी सैल केलेत. पण बोललो असतो तर तिच्यासमोर फुटलं असतं. मी मनाशी म्हटलं, पुढच्या भेटीत काट्यावर उभी राहील तेव्हा कळेलच त्यांना. पंधरा दिवसांनी सिस्टरने तेच विचारलं, तिने तेच सांगितलं आणि मी पुन्हा दोऱ्याच्या रिळात तोंड खुपसून बसलो.

इथवरचं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. पुढचं सांगितलं नाही.

आमचं एक जुनं गिऱ्हाईक आहे. कायम मोत्यांची माळ घालते, म्हणून आम्ही आपसात तिला मोतीबाई म्हणतो. वीस वर्षांची ओळख. कपडे माझ्याकडे टाकायची आणि अर्धा तास बायकोपाशी गप्पा मारत उभी राहायची. मधे सात-आठ महिने ती मुलाकडे दुसऱ्या शहरात होती. परत आल्यावर एका सकाळी दोन स्कर्ट घेऊन दुकानात आली. बायको काचेपाशी बसून खाली मान घालून दुमड घालत होती. मोतीबाईने तिच्याकडे एकदा बघितलं, नजर पुढे गेली, आणि आवाज खाली करून मला विचारलं, "नवीन बाई ठेवल्यात वाटतं? आमच्या त्या कुठे गेल्या?"

मी म्हणालो, "हो. तात्पुरत्या आहेत. ती बहिणीकडे गेलीये."

हे तोंडातून कसं निघालं असं म्हणायची सोय आहे, पण ते खोटं आहे. कसं निघालं ते मला माहीत आहे. आता मोतीबाई वळेल, ओळखेल, अगंबाई काय हे झालं असं म्हणेल, आणि मग माझ्याकडे बघेल, तो क्षण मला नको होता. मला बायकोची लाज वाटली. जिच्या हातावर हे दुकान उभं राहिलं तिची. रेडिओ चालू होता. तिने ऐकलं नसणार असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. तिने मान वर केली नाही, आणि मला तेवढा पुरावा पुरला.

दुसऱ्या दिवशी मी तिची खुर्ची उचलून पडद्यामागे नेली.

"काचेतून ऊन थेट डोळ्यावर येतं तुझ्या," मी म्हटलं. "डोळा जपायला हवा. इथे चांगला दिवा लावून देतो."

"बरं," ती म्हणाली.

एवढंच. नाहीतर खुर्चीचं तोंड बदललं तरी तिला चार प्रश्न पडतात. मला हायसं वाटलं. दिवा खरोखरच चांगला आणला.

आधी मी तिच्या गोळ्या रोज सकाळी काढून बटणांच्या डबीच्या झाकणात ठेवायचो आणि ती चहापावानंतर माझ्यासमोर घ्यायची. आता ती म्हणाली, "तुम्ही नका धावपळ करू, मी घेते माझ्या." मी सुटलो. पडद्याच्या पुढे मी, मागे ती. कपडे आत-बाहेर करायला मीच उठायचो. काचेवर टकटक करणाऱ्यांना मी हात दाखवायला लागलो, पण ते थोडे गोंधळून निघून जायचे. आठवडाभरात ती पाव चहात बुडवून खायला लागली. मी म्हटलं, म्हातारी झालीस. तिने मान हलवली.

मोतीबाईच्या त्या दिवसानंतर बरोबर दोन आठवडे झाले असतील. सकाळी अकराला एक माणूस शर्ट घेऊन आला. कॉलरचं बटण तुटलेलं, त्याला तासाभरात कुठेतरी मुलाखतीला जायचं होतं. बायको आत जरा आडवी झाली होती. बटणांचा कारभार तिचा, मी कधी त्या डब्यांना हात लावत नाही. पण म्हटलं, एका बटणासाठी काय उठवायचं. लहान पांढऱ्या बटणांची बरणी काढून हातावर ओतली आणि त्यातलं एक उचलून सुई घालायला गेलो, तर सुई जाईना. चष्मा वर करून बघितलं. बटणाला भोकंच नव्हती. मधोमध एक रेघ होती.

मी बरणी टेबलावर उपडी केली. बटणं एका बाजूला आणि गोळ्या एका बाजूला करायला लागलो. तो माणूस म्हणाला, "काका, जरा लवकर." मी त्याला म्हटलं, "तुम्ही जा." शर्ट त्याच्या हातात कोंबला. छत्तीस गोळ्या निघाल्या.

माझं डोकं असं भडकलं की पडदा ओढताना तो वरच्या दांडीसकट खाली आला. काय काय बोलायचं ते मी त्या चार पावलांत ठरवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी हात जोडून सांगितलं होतं, मी तुझ्यासाठी काय काय केलं, तुला डोळ्यापेक्षा कमर प्यारी. ती पलंगाच्या कडेला बसली होती. एका हातात सुई, दुसऱ्यात दोरा. ती दोरा ओवत होती आणि तो सुईच्या बोटभर बाजूने जात होता. परत, परत बाजूने.

"अहो," ती शांतपणे म्हणाली, "डाव्या डोळ्यासमोर काळं आलंय. वरून खाली येतंय."

"कधीपासून?"

"उठल्यापासून."

माझ्या मुठीत गोळ्या होत्या. तिचा कोट आणला, तिला घातला, बटणं लावायला थांबलो नाही.

दवाखान्याच्या दारात नर्सने तिच्या पर्समधलं निळं कार्ड पाहिलं आणि आम्हाला रांगेत थांबूच दिलं नाही. तपासण्या झाल्या, हाताला सुई लागली, सलाइनमधून औषध सुरू झालं. मग डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. त्यांच्या खोलीत मी मूठ उघडून गोळ्या टेबलावर ठेवल्या. घामाने काही विरघळून तळव्याला चिकटल्या होत्या.

"छत्तीस आहेत," मी म्हटलं. "रोजच्या सहा घ्यायच्या होत्या. बारा दिवस तिने तीनच घेतल्या असणार."

"का?"

"वजन वाढतंय म्हणून. असं वाटतं."

त्यांनी संगणकावर काहीतरी उघडलं. "आत्ता काट्यावर अकरा किलो जास्त भरलंय. साखर साडेतीनशे आहे. आणि इथे चार वेळा लिहिलंय, कपडे पूर्वीसारखेच होतात. अकरा किलो वाढल्यावर कपडे पूर्वीसारखे कसे होतात, काका?"

मग मी सांगितलं. कोट, ड्रेस, विटलेलं रीळ, नखाने घासलेली भोकं, सगळं. सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं की मी अजूनही बढाई मारतोय. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

"तुम्ही दोघांनी मिळून मला अंधारात ठेवलंत," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "दुसऱ्या महिन्यात मला हे कळलं असतं तर साखर तपासली असती, आहार बदलला असता. जोडीला दुसरं एक औषध असतं, ते सुरू करून या गोळ्या लवकर उतरवता आल्या असत्या. चेहराही उतरला असता. त्यांना गोळ्या नको झाल्या होत्या ना? तेच मला सांगायचं होतं. त्यासाठीच तर फोन असतो."

"डोळा?" मी विचारलं.

"उजवा वाचवू. डाव्याचं मी तुम्हाला खोटं आश्वासन देणार नाही."

मी मान डोलावली. मोतीबाईचं सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी ते मिटलं.

तीन दिवस सलाइनमधून औषध गेलं. मी सकाळी जायचो, संध्याकाळी भेटीची वेळ संपली की यायचो. दुकान बंद. फळं सोलून द्यायचो, उशी सरळ करायचो, कोट घडी करून कपाटात ठेवायचो. पुन्हा काढून पुन्हा घडी करायचो. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिचा उजवा डोळा झाकून डाव्यासमोर बोटं धरली. तिला बोटं दिसली नाहीत, फक्त खिडकीचा उजेड दिसला. उजवा ठीक होता. डॉक्टरीणबाई तिचा हात थोपटून गेल्या.

त्या गेल्यावर ती उजव्या डोळ्याने छताकडे बघत राहिली.

"तो कोट बगलेतून सैल केला ना तुम्ही," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं मला."

मी खुर्चीत सरकलो. "कसं?"

"तुमचा टाका मला ओळखू येणार नाही? एकतीस वर्षं तुमच्या शिलाईवर दुमड घालतेय मी." ती थोडं हसली. "बगलेत हात घातला आणि कळलं. बरं वाटलं होतं मला तेव्हा. म्हटलं, बाई गं, चोरून माझं माप वाढवतोय. बोलेन तर बिचाऱ्याचा हिरमोड होईल. म्हणून मुद्दाम तुमच्यासमोर बटणं लावली."

"आणि फोनवर?"

"फोनवर तुमची चोरी उघडी पडली असती. मी म्हटलं, पूर्वीसारखेच." ती उशीवर जरा सरकली. "मी तेव्हा सगळ्या गोळ्या घेत होते हो. एकही चुकवली नाही."

यापुढे काय येणार ते मला कळलं होतं. उठून पाणी आणायला जावं असं वाटलं. पाण्याचा तांब्या भरलेलाच होता.

"मग मोतीबाई आली," ती म्हणाली.

"रेडिओ चालू होता," मी म्हटलं. इतक्या दिवसांनंतरही माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं.

"होता की. तरी ऐकू आलं." तिचा आवाज साधाच होता, भाजी निवडताना बोलावं तसा. "मी मान वर केली नाही, कारण केली असती तर तुम्ही खोटे पडला असता. दुसऱ्या दिवशी खुर्ची आत गेली. मग ते कपडे मी पुन्हा काढून बघितले. सगळे. आणि मला वाटलं, हे माझ्यासाठी नाही केलेलं. बायको कपड्यांतून उतू जाताना लोकांना दिसू नये म्हणून केलंय. मग म्हटलं, तीनच घेऊ. तुमच्यापुरतं तरी बरी दिसेन."

बाजूच्या पलंगावरची बाई कुणाशी तरी फोनवर बोलत होती. मी त्या बाईकडे बघत होतो आणि मला ती दिसत नव्हती.

"तुम्हाला माझी लाज वाटत होती ना?" तिने विचारलं.

नाही म्हणायला जीभ तयारच होती. गेले दोन महिने ती तेच करत आली होती. कपडे डोळ्यासाठी सैल केले, खुर्ची उन्हासाठी हलवली, तात्पुरती बाई घाईत तोंडातून निघाली. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एक आतून लावलेली पट्टी होती.

"हो," मी म्हणालो.

तिने चादरीची कड बोटांनी दुमडली.

"मग तसं सांगायचंत," ती म्हणाली. "भांडले असते. चार दिवस अबोला धरला असता. पण गोळ्या घेतल्या असत्या."

माफ कर म्हणालो, ते तिने ऐकलं, पण तिच्या चेहऱ्यावर त्याचं काही उमटलं नाही. तो गोल, अनोळखी चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला. तो तिचाच होता, त्यात ओळखू न येण्यासारखं काही नव्हतं. मोतीबाईला दोन मिनिटं दिली असती तर तिनेही ओळखला असता.

नाश्त्याची थाळी आली. तिने अर्धा पाव खाल्ला, अंडं खाल्लं. पाठोपाठ नर्स आली. उद्यापासून घरी, ती म्हणाली, आणि आजपासून पुन्हा तोंडाने गोळ्या. तिने माझ्या हातात छोटा प्लास्टिकचा पेला दिला. त्यात बारा पांढऱ्या गोळ्या होत्या.

"आता तुमच्यासमोर घेतल्या पाहिजेत," नर्स मला म्हणाली. "रोज. पोटात गेल्या की नाही ते बघायचं. डॉक्टरांनी लिहिलंय तसं."

मी पेला बायकोच्या हातात दिला. तिने गोळ्या तळहातावर ओतल्या, तीन-तीन करून पाण्याबरोबर गिळल्या आणि पेला मला परत दिला. मग तिने मान माझ्याकडे वळवली, तोंड मोठं उघडलं, जीभ वर उचलली, खाली केली, एक गाल बोटाने ओढला, मग दुसरा. ती थट्टा करत नव्हती. मी बघेपर्यंत ती तशीच थांबली.

मी वाकलो आणि बघितलं.